नुसता कठडा!

भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जायचे, हा शास्त्रार्थ पाळून मी गेल्या दिवाळीत आईला आणि सौभाग्यवतीला घेऊन डोंबिवली गाठली. धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी करीत गाडी रात्रभर धावते आणि सकाळी कल्याणला उतरवते. ओवाळणी झाली, करंज्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कुठे जायचे याची चर्चा निघाली तेव्हा मी मरीन ड्राईव्हचे नाव घेतले. त्यावर माझा भाचा जे बोलला, त्यावरून आमचा जो वाद पेटला तो अजून मिटलेला नाही. म्हणून तो वाचकांच्या दरबारात आणतो.

“मामा, तिथं काय बघायचंय? नुसता कठडा आहे,” भाचा म्हणाला. “आणि सगळी बाहेरच्यांची गर्दी. त्यापेक्षा मॉलमध्ये जाऊ. आजीला थंड हवा तरी मिळेल.”

हा भाचा नरिमन पॉइंटला एका कचेरीत नोकरी करतो. कठड्यापासून त्याची खुर्ची फार तर पाच मिनिटांच्या अंतरावर असेल. तिथे शेवटचा कधी बसलास, असे विचारल्यावर त्याला वर्ष आठवेना. बापड्याला दोष देत नाही. डोंबिवलीची गाडी पकडायची असते. पण स्वतःला बसायला सवड नाही म्हणून जागाच बसण्याच्या लायकीची नाही, हे तर्कशास्त्र मला मान्य नाही. आणि ‘बाहेरची गर्दी’ हा शब्द तर मुळीच मान्य नाही. गर्दी बाहेरचेच करतात असे ज्यांना वाटते त्यांनी ४ जुलै २०२४ची संध्याकाळ आठवावी. विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघाची मिरवणूक निघाली तेव्हा त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ती सगळी माणसे काही आमच्या भूम-परंड्याहून आली नव्हती.

असो. आम्ही गेलो. आईचे वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. विहिरीचे पाणी शेंदण्यात तिचा जन्म गेला. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागत होते, तेव्हा ती आमच्या गावात टँकरपुढे घागर घेऊन रांगेत उभी राहत असे. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. आता ती काय म्हणते इकडे माझे कान लागलेले. तिने पदर सावरला, कठड्याच्या दगडावरून हात फिरवला आणि विचारले,

“हितं बसायला किती घेत्यात?”

“काही नाही, आई.”

“मग कुणी उठवतं का?”

“नाही.”

“मग बसू की,” असे म्हणून तिने चपला काढून शेजारी ठेवल्या आणि ती बसली. पुढे तीन तास ती हलली नाही.

समुद्र सोडून तिला हेच दोन प्रश्न आधी का सुचावेत, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्यासारख्या माणसाला घराबाहेर बसायला जागा मिळते कुठे? एस.टी.च्या स्टँडावर बाक असते, पण त्यावर बसायचे ते उठण्यासाठी. गाडी लागली की धावायचे. हॉटेलात चहा संपला की मालक रिकाम्या कपाकडे पाहू लागतो. दवाखान्यात आजारी माणसासाठी एक स्टूल, बरोबरचा उभा. तुळजापूरला आई भवानीपुढे क्षणभर टेकावे म्हटले, तर मागची रांग पुढे ढकलते. त्यात तिचाही दोष नाही, तीही तासन्तास उभी असते. भाच्याच्या आग्रहाखातर आदल्या संध्याकाळी आम्ही मॉलही पाहिला. तिथे बाके चारच होती आणि चारही भरलेली. इतक्या मोठ्या इमारतीत बसायची सोय एवढीच का, असे मी विचारले तेव्हा भाचा हसून म्हणाला, “बसलं तर खरेदी कोण करणार?” ते सत्य तो नकळत बोलून गेला. पैसा दिल्यावाचून बसता येईल आणि बसल्यावर कोणी हटकणार नाही, अशी जागा शहरात दुर्मिळ असते, हे आईला कोणी शिकवावे लागले नव्हते.

आता थोडे आमच्या बाजूच्या लोकांनाही बोलले पाहिजे, नाहीतर वाद एकतर्फी होईल. काही वर्षांपूर्वी मी एका सहलीच्या बसने मुंबईला गेलो होतो. एका दिवसात अकरा ठिकाणे दाखवण्याचा करार होता. मरीन ड्राईव्हच्या वाट्याला वीस मिनिटे आली. व्यवस्थापकाच्या गळ्यात शिट्टी होती. आम्ही उतरलो, समुद्राकडे पाठ केली, फोटो काढून घेतले. तोच शिट्टी वाजली. परत येऊन मी गावात छातीठोकपणे सांगितले की, मुंबई पाहिली! गेटवेचीही तीच कथा. १९११ साली आलेल्या पंचम जॉर्जच्या आगमनाची ती कमान पुरी झाली १९२४ साली, आणि १९४८च्या फेब्रुवारीत गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी तिच्याच खालून चालती झाली. हे समजून घेत तिथे अर्धा तास काढावा, तर आमच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये आमचेच तोंड. पाहायला गेलेला माणूस स्वतःलाच पाहून परत येतो. भाच्यासारखी मंडळी आपल्याला हसतात ती याच्यासाठी, आणि एवढ्यापुरते त्यांचे हसणे मी मुकाट्याने ऐकून घेतो.

पण ‘नुसता कठडा’ हे मात्र ऐकून घेणार नाही. कारण हा कठडा आपल्याला कोणी प्रेमाने दिलेला नाही. त्याच्या मुळाशी हाव आहे, आणि तीही दोनदा तोंडावर आपटलेली. पहिल्यांदा १८६०नंतर, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशाच्या धुंदीत बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन विकण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, शेअरचे कागद रद्दीत गेले. कापूस पिकवणाऱ्याला भाव कोसळणे म्हणजे काय हे सांगायला नको. ते आमच्याकडे अजून दर दोन-चार वर्षांनी कळते. दुसरा प्रयत्न सरकारनेच केला, गव्हर्नर लॉइडच्या कारकिर्दीत, १९२०च्या सुमारास. आखणी आठ तुकड्यांची होती, पुऱ्या झाल्या चार. खर्च वाढत गेला. या कारभारावर खुर्शेद फ्रामजी नरिमन तुटून पडले. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १९२८ साली ते निर्दोष सुटले. आज नरिमन पॉइंटला त्यांचे नाव आहे. समुद्र बुजवण्याच्या भानगडी बाहेर काढणाऱ्याचे नाव समुद्र बुजवून केलेल्या जमिनीला मिळावे, हा योग मोठा गमतीचा आहे.

म्हणजे जमीन विकायची होती, घरे उठवायची होती. त्या व्यवहारात समुद्राच्या बाजूला लाटा थोपवायला भिंत घालावी लागली, आणि ती नेमकी माणसाच्या बसण्याच्या उंचीची निघाली. पलीकडच्या घरांना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. घरे सुंदर आहेत, वाद नाही. पण त्या घरांत राहणारे किती? आणि साडेतीन किलोमीटर कठड्यावर बसून जाणारे किती?

आमच्या नळदुर्गाची आठवण इथे येते. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल केला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३च्या सुमाराचा. चांगल्या पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे बांधावरून कोसळतात आणि आतल्या महालात बसलेल्याच्या अंगावर थेंब येत नाही. कारागिरी अशी की बोट तोंडात जावे. पण ती बैठक एका सुलतानाची आणि त्याच्या चार सरदारांची. रयतेने पाणी पाहायचे ते दुरून. मुंबईच्या कठड्यावर माझ्या आईच्या डाव्या हाताला एक कॉलेजचे जोडपे होते आणि उजव्या हाताला मुलाला भरवणारी एक बाई. पाणी तिघांच्याही पुढ्यात सारखेच होते.

माझी तक्रार आहे ती इथे. आजकाल नद्या-समुद्रांचे काठ ‘विकसित’ करायची लाट आली आहे, आणि त्यात बसणाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. मुंबईचाच किनारा रस्ता पाहा. २०२४ साली मोटारी धावू लागल्या. कडेची पायी फिरायची वाट खुली व्हायला २०२५चा ऑगस्ट उजाडला. झाली हे उत्तम, पण आधी चाके आणि मागाहून पाय, हा क्रम कोणी ठरवला? मोटारीतल्या माणसाला समुद्र खिडकीतून दिसतो तेवढाच. जुन्या कठड्याचेही सगळे बरे आहे असे नाही. एवढ्या लांबीच्या वाटेवर स्वच्छतागृहे मोजकीच. आमची सौभाग्यवती त्या धास्तीने दुपारपासून पाण्याचा घोट न घेता बसली होती, समोर एवढे पाणी असून! दूरवरून आलेल्या बायकांना हे रोजचेच आहे. दिव्यांची रोषणाई करण्याआधी हे करा, असे मी म्हटले तर त्यात माझे काय चुकले?

आणि आम्हाला कोणी समुद्राला परके समजू नये. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तेरचे, म्हणजे तेव्हाच्या तगरचे, कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असे. एका ग्रीक दर्यावर्द्याने ते लिहून ठेवले आहे. आमचा माल समुद्रापर्यंत पोहोचला. आम्हाला पोहोचायला जरा उशीर झाला, इतकेच.

सूर्य बुडाला, रस्त्याचे दिवे लागले, सायकलवाल्याकडून आईने एक चहा घेतला. साडेसातला भाचा कचेरीतून आम्हाला न्यायला आला. तो उभ्यानेच म्हणाला, “चला आजी, पुढची गाडी मिळेल.” आईने सरकून त्याला जागा केली आणि दगडावर दोनदा हात थोपटला. तो घड्याळाकडे पाहत बसला. ती गाडी गेली, तिच्यानंतरचीही गेली. बोलला मात्र काही नाही.

उठताना आईने चपला पायात सरकवल्या. मूल घेऊन उभी असलेली एक बाई कठड्याकडे बघत होती, तिला हाक मारून आई म्हणाली, “ये बाई, बस. जागा झालीय. काही घेत न्हाईत.”