विश्रांतीचाही हिशेब असतो



संगणक सुरू आहे, पण कोणी कळ दाबत नाही. अशा वेळी आतला प्रोसेसर काय करीत असतो? पुष्कळांना वाटते, काहीच नाही. वस्तुतः तेव्हा एक बारीक हिशेब चाललेला असतो आणि तो आपल्या मुलांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. हातात काम नसले की हा कर्नल प्रोसेसरला निजवतो. त्या झोपेच्या पायऱ्या आहेत. सी-१ म्हणजे डुलकी, सी-६ म्हणजे गाढ झोप. झोप जितकी गाढ तितकी वीज कमी लागते, पण जागे व्हायला वेळ जास्त लागतो. शिवाय निजण्या-उठण्यातही वीज खर्च होतेच. म्हणून प्रत्येक पायरीला दोन आकडे दिलेले असतात : उठायला लागणारा वेळ आणि किमान किती झोप मिळाली तर ती पायरी परवडते, तो वेळ. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरसाठी कर्नलच्या तक्त्यात सी-१ चे दोन्ही आकडे २ मायक्रोसेकंद आहेत. सी-६ चे ८५ आणि २००. सी-१० चे ८९० आणि ५०००. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग!

पुढचा ठरलेला गजर कधी आहे आणि मागचा अनुभव काय, हे पाहून कर्नल पायरी निवडतो. अंदाज चुकून लवकर उठावे लागले, तर बचत राहते बाजूला आणि वीज उलट वाया जाते.

पूर्वी काम असो वा नसो, ठरावीक ठोक्याने प्रोसेसरला उठवीत असत. २.६ मालिकेच्या आरंभी साध्या पीसीवर सेकंदाला १००० ठोके पडत. मग गाढ झोप लागणार कशी? २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीत रिकाम्या वेळी हा ठोका थांबवण्याची सोय झाली. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप हे साधन काढले. कोणता प्रोग्राम प्रोसेसरला विनाकारण उठवतो, हे ते दाखवते. आमच्या संगणक कक्षात मुलांनी हे स्वतः चालवून पाहावे, केवळ टायपिंग शिकून थांबू नये, असा आमचा आग्रह आहे.

आता मुद्द्याचे. मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे कापून जादा वर्ग घ्यावा आणि त्या बदल्यात प्रत्येक पीरियडनंतर दोन-दोन मिनिटे सूट द्यावी, अशी काही पालकांची सूचना आहे. बेरीज तीच राहते, हे खरे. मुले म्हणजे यंत्रे नव्हेत आणि उपमेने काही सिद्ध होत नाही, हेही आम्ही जाणतो. पण विश्रांतीची नुसती बेरीज पाहून भागत नाही, ती सलग किती मिळाली हेही पाहावे लागते, एवढे तरी या तक्त्यावरून ध्यानात यावे. दोन मिनिटांत दप्तर उघडायचे की डबा? डबा खाऊन, मैदानावर धावून, भांडून, पुन्हा गट्टी करून यायला सलग वेळच लागतो.

म्हणून मधल्या सुट्टीचे तुकडे करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. विश्वस्तांनी निर्णय घेताना याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

— प्राचार्य