तीन महिने आत टाका म्हणे!

‘व्यसनी आरोपींवर सरकारी पैसा कशाला उधळायचा? तीन महिने आत टाका, दारू आपोआप सुटते.’ असं छातीठोकपणे सांगणारे रायपूरच्या पंडरी कापडबाजारात भेटतात, तसेच पुण्याच्या कट्ट्यावरही भेटतात. जेलच्या उंच भिंती हाच त्यांचा दवाखाना.

रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसावं. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, अन्न पोटात ठरत नाही. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींचं भान सुटतं. माणूस घोंगडीवरून नसलेले किडे वेचत बसतो, भिंतीशी बोलतो. बराकीतले म्हणतात, नाटकं करतोय. ही नाटकं नव्हेत. हा डिलिरियम ट्रेमेन्स. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. उपचार काय, तर डायझेपाम किंवा लोराझेपाम, थायमिनची इंजेक्शनं आणि रात्रभर लक्ष ठेवणारं कुणीतरी. यात कसली उधळपट्टी?

दारूचं हे असं, तर ब्राऊन शुगरचा, म्हणजे भेसळीच्या हेरॉईनचा, मोठा धोका सुटकेनंतर असतो. आत राहून शरीराची सवय मोडते, ओढ तशीच राहते. बाहेर येऊन माणूस जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या १२.७ पट होता. ‘आपोआप सुटते’ म्हणणाऱ्यांनी या मृत्यूंचा हिशेब द्यावा.

‘गुन्हेगारांचे लाड नकोत,’ असंही हे लोक म्हणतात. पण २०२२ अखेर देशातले ७५.८ टक्के कैदी कच्चे होते. त्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता.

‘कुणी मनोरुग्ण असेल तर कोर्ट बघून घेईल’ हा तर जुनाच युक्तिवाद. १९५१ साली आसामात पकडलेल्या एका माणसाला मनोरुग्णालयाने १९६७ मध्ये बरा ठरवलं. तो सुटला २००५ साली, खटला न चालताच.

मग करायचं काय? व्यसन हा आजार आहे, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते याच समजुतीवर. कैदी आत येताच त्याच्या व्यसनाची आणि मनःस्थितीची तपासणी व्हावी. रायपूरचंच घ्या: पंडरीत जिल्हा रुग्णालय आहे, शहरात मध्यवर्ती कारागृह आहे. रुग्णालयातला तज्ज्ञ ठरल्या वारी कारागृहात जावा. सुटणाऱ्याच्या हाती औषधं आणि पुढची तारीख असावी. जिथे हे चालू असेल तिथे ते टिकवावं, नसेल तिथे सुरू करावं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही येतात. त्याच्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय करणं सरकारवर बंधनकारक आहे. आपल्या राज्यात ती कोणत्या कारागृहात आहे, हे वाचकांनी आपल्या आमदाराला लेखी विचारावं.