केडगावची बाग



नांदेड-लातूरकडे ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे थोडीच. जूनमध्ये नेमका रविवारी वापसा आला की त्यांच्या घरी प्रश्न निघतो, आधी उपासना की आधी तिफण? माझ्या मते हा प्रश्न अवघड नाही. आपल्या काळ्या रानातला वापसा दोन-तीन तासांत उडून जात नाही. देवळातून येऊन तिफण जुंपता येते.

अवघड प्रश्न निराळाच आहे. आपल्या उद्यासाठी राखलेली वस्तू दुसऱ्याला आजच हवी असते, तेव्हा काय करावे? पंडिता रमाबाईंपुढे हा प्रश्न आला, आणि तोही शेतातच आला.

रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुढे पुण्यात मोठे वादळ उठले. बालविधवांसाठी त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले आणि वर्षभराने ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या मंडळींनी मदत कबूल केली होती, पण ती दहाच वर्षांची. पुढे काय? म्हणून बाईंनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी पाडल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा बेत. फळबाग धरायला चार-पाच वर्षे लागतात, तेव्हा मदत संपायच्या आधीच लागवड करणे हे शहाणपणाचेच होते. मीही तोच सल्ला दिला असता.

इतक्यात 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंचे आई-वडील आणि बहीण अशाच दुष्काळात उपासमारीने गेलेले. त्या तिकडे गेल्या आणि 300 मुलींना सांभाळायचे ठरवून बसल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या मुली शहरात ठेवू देईनात. मग केडगावच्या मळ्यातच तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. जी जमीन उत्पन्नासाठी घेतली, तिच्यावर खाणारी तोंडे येऊन बसली! तेच पुढे मुक्ती सदन झाले. 1900 च्या दुष्काळानंतर ही तोंडे दीड हजारावर गेली. मुली शेतात राबल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. बाईंनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले.

आता आपल्या गावाकडे या. घरातला कर्ता मुलगा जातो, मागे सून आणि लेकरे राहतात. दहावा-तेरावा असो की देवळातली प्रार्थना, सगळे यथासांग होते. पण सातबाऱ्यावर तिचे नाव लावायची वेळ आली की दीर म्हणतो, "वहिनी, घाई काय आहे?" घाई असते. नाव नसले तर पीककर्ज, विमा, अनुदान, सगळ्याला अडचण येते. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारसाच्या फेरफाराचा अर्ज द्यायचा, एवढेच काम आहे. ख्रिस्ती घरात तर 1925 च्या वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर, विधवेचा हिस्सा एक-तृतीयांश ठरलेलाच आहे. बाकीचा मुलांचा. दिराचा त्यात काही नाही.

या सुगीत सोयाबीनचा पैसा हातात येईल. घराला दुसरा मजला हवा, लेकाला मोटारसायकल हवी. हौस वाईट नाही. पण त्याआधी एक दिवस काढून वहिनीला बरोबर घ्या आणि तलाठी सज्जावर जाऊन या.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.