दारे उघडली, उंबरठा मात्र तोच!
सौदी अरेबियात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी शिक्षकाला अनेक दशके दोन शब्द सर्वांत आधी समजून घ्यावे लागत : 'कुटुंब' आणि 'एकटे'. उपाहारगृहाचे दार असो वा मॉलमधील प्रवेश, तेथील सार्वजनिक जीवनाची वाटणी या दोन शब्दांनीच होत असे. उपाहारगृहांना दोन स्वतंत्र दारे ठेवण्याची सक्ती डिसेंबर २०१९मध्ये उठली. त्यानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर २०२४मध्ये, चालकाविना धावणारी रियाध मेट्रो सुरू झाली. तेव्हा तिच्या डब्यांत प्रथम वर्गाखेरीज जे दोन वर्ग होते ते 'कुटुंब' आणि 'एकटे' हेच! सौदीतील बदल किती खोल गेला आहे, हे पाहायचे तर चित्रपटगृहांपेक्षा परदेशी शिक्षकाची सुटीची संध्याकाळ अधिक बोलकी ठरेल.

पूर्वी ही संध्याकाळ भिंतीच्या आत जात असे. पाश्चात्त्य शिक्षकांची घरे बहुधा 'कंपाऊंड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदिस्त वसाहतींत असत. १२ मे २००३ रोजी रियाधमधील अशा वसाहतींवर दहशतवादी हल्ले झाले आणि भिंती अधिकच उंच झाल्या. आत पोहण्याचे तलाव होते, स्त्री-पुरुषांच्या एकत्रित मेजवान्या होत्या, हौशी नाटके होती आणि द्राक्षाच्या रसापासून घरच्या घरी केलेली 'सोय'ही होती. धहरान येथील अरामको कंपनीच्या वसाहतीत तर स्त्रिया मोटार चालवत. फाटकाबाहेर मात्र तोच गुन्हा ठरे. पूर्व भागातील शिक्षकांना आणखी एक वाट होती : १९८६मध्ये खुला झालेला, २५ किलोमीटर लांबीचा किंग फाहद सेतू. तो ओलांडला की बहारीन, आणि बहारीनमध्ये सिनेमा व मद्य दोन्ही.

भारतीय शिक्षकांच्या वाट्याला ही चैन सहसा आली नाही. एकाच विषयाच्या शिकवणीचे मोल सौदीत पारपत्राच्या रंगानुसार बदलते, हे तेथे उघड गुपित आहे. जेद्दाहची भारतीय शाळा १९६९ची, रियाध व दम्मामच्या १९८२च्या. तेथील अनेक शिक्षिका पतीच्या नोकरीमुळे 'आश्रित' म्हणून देशात आलेल्या. त्यांचे सामाजिक जीवन म्हणजे गजबजलेल्या भागातील भाड्याची सदनिका, एकमेकींच्या घरची जेवणे आणि बंद दाराआड साजरे होणारे सण. सार्वजनिक ठिकाणी अन्य धर्मीयांच्या उपासनेस परवानगी नसल्याने हे दार बंद ठेवणे ओघानेच आले.

एप्रिल २०१६मध्ये धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेण्यात आला. एप्रिल २०१८मध्ये चित्रपटगृहे पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी २४ जूनला महिलांना वाहन चालविण्याची मुभा मिळाली. २०१९मध्ये पर्यटक व्हिसा आला. तेलावरील भिस्त कमी करण्याच्या 'व्हिजन २०३०' योजनेचा हा भाग असल्याने, सुधारणांमागे उदारमतापेक्षा जमाखर्चाचा हिशेब अधिक आहे.

तरीही शिक्षिकेच्या दृष्टीने बदल लहान नाही. पूर्वी किराणा आणण्यापासून मैत्रिणीला भेटण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट चालकाच्या सवडीवर अवलंबून असे. एकट्या राहणाऱ्या परदेशी शिक्षिकांना संस्थेच्या वसतिगृहात ठेवले जाई. आत-बाहेर जाण्याच्या वेळा संस्था ठरवी. आज तीच शिक्षिका स्वतःच्या मोटारीने रियाधबाहेरच्या वाळवंटातील 'जगाचा कडा' पाहायला निघते, कॅफेत पुरुष सहकाऱ्याबरोबर उघडपणे बसते. पायघोळ काळा अबाया ही कायद्याची सक्ती नाही, असे युवराज महंमद बिन सलमान यांनी मार्च २०१८मध्येच सांगितले. अर्थात शाळेच्या फाटकात काय चालेल, हे युवराज ठरवत नाहीत, मुख्याध्यापिका ठरवते.

या मोकळिकीची किंमतही आहे, आणि ती दोन प्रकारची. बाहेर करमणूक मिळू लागल्यावर भिंतीआडचा घट्ट शेजार सैल झाला. दुसरीकडे सौदी घराचा उंबरठा होता तेथेच आहे. पाहुणचारात हा समाज कुणाला हार जाणार नाही. मजलिसमध्ये वेलदोड्याचा कहवा आणि खजूर समोर येतात. पण पुरुष पाहुणा पुरुषांत आणि त्याची पत्नी आतल्या दालनात. दहा वर्षांच्या सहकाऱ्याची पत्नी एकदाही न दिसणे, यात तेथे कुणालाच नवल वाटत नाही.

दुसरी किंमत रोख आहे. जुलै २०१७पासून परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल कर लागू झाला. तो दरवर्षी वाढत २०२०मध्ये ४०० रियालवर गेला. पत्नी व दोन मुले असलेल्या शिक्षकाला वर्षाकाठी १४,४०० रियाल, म्हणजे आजच्या दराने तीन लाख रुपयांहून अधिक! अनेक भारतीयांनी बायको-मुलांना मायदेशी धाडले. कोकणातील कित्येक घरांनी हा परतीचा ओघ जवळून पाहिला. ज्या काळात 'कुटुंब' आणि 'एकटे' यांच्यातील भिंत पडत होती, त्याच काळात या कराने कुटुंबवत्सल माणसांना एकटे केले. नव्या करमणुकीचा आनंद घ्यायला वेळ आहे, पण बरोबर कुणी नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

शिवाय, मोकळीक मिळाली ती फर्मानाने. हक्क म्हणून नव्हे. महिलांच्या वाहन चालविण्यासाठी लढलेल्या लुजैन अल-हथलूल यांना बंदी उठण्याच्या काही आठवडे आधी, मे २०१८मध्ये अटक झाली. महंमद अल-घामदी या निवृत्त सौदी शिक्षकाला समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी २०२३मध्ये देहदंड सुनावण्यात आला. अपिलानंतर २०२४मध्ये त्याची ३० वर्षांची कैद झाली. देशाच्या नागरिकाची ही गत असेल, तर परदेशी शिक्षकाने स्टाफरूममध्ये हवामान आणि फुटबॉल यापलीकडे बोलू नये, यात आश्चर्य कसले? संगीत महोत्सवाला जाता येते. त्याविषयी नापसंती लिहिता येईलच असे नाही.

मार्च २०२१मधील कामगार सुधारणांमुळे विशिष्ट अटींवर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येऊ लागली, देशाबाहेर जाण्यासाठी त्याच्या सहीची गरज उरली नाही. शिक्षकांना त्याचा लाभ झाला. घरकामगार व खासगी चालक मात्र वगळले गेले. वास्तव्याचा परवाना अजूनही नोकरीशीच बांधलेला आहे. त्यातून सुटका देणारा विशेष निवास परवाना २०१९मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याचे शुल्क कायमस्वरूपी वास्तव्यासाठी आठ लाख रियाल आणि वार्षिक एक लाख रियाल असे होते. शिक्षकाच्या पगारात ते बसणे अशक्यच. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे सौदी मुलांना शिकवलेला माणूसही करार संपताच सामान बांधतो आणि त्याची मित्रमंडळी दर जूनमध्ये थोडी थोडी पांगत जाते.