व्हिस्कीत पाणी घालणाऱ्यांच्या बाजूने

गेल्या दिवाळीत घरीच बसलो होतो. मी, ऑफिसातले तिघं आणि बाबा. मी मोठ्या कौतुकाने ग्लेनफार्क्लास १०५ फोडली. स्कॉटलंडच्या स्पेसाइडची, शेरीच्या पिंपांत मुरलेली, कास्क स्ट्रेंग्थ. बाबांनी सवयीने ग्लासात पाणी ओतलं. "काका, सिंगल माल्टमध्ये पाणी? पाप लागेल!" एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. बाबांनी पुढचा पेग नीट घेतला, ठसका लागला, आणि "जरा पडतो" म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

तेव्हापासून या 'नीट' पंथाशी माझं भांडण आहे. मी स्वतः त्याच पंथातला होतो, म्हणून जरा जास्तच.

मुळात या लोकांना वाटतं की त्यांच्या व्हिस्कीला पाणी शिवलेलंच नाही. भट्टीतून दारू निघते साधारण ७० टक्क्यांची. पिंपात भरण्याआधी बहुतेक ठिकाणी पाणी घालून ती ६३.५ वर आणतात. मुरल्यावर, बाटलीत भरताना, पुन्हा पाणी. कायद्याने किमान ४० टक्के हवेत. म्हणजे नेहमीची ४० टक्क्यांची बाटली 'नीट' पिणारा पाणी घातलेलीच व्हिस्की पितो. फक्त ते पाणी कंपनीने घातलेलं असतं.

कास्क स्ट्रेंग्थमध्ये हे शेवटचं पाणी जवळपास टळतं, आणि तेच काम आपल्यावर सोपवलेलं असतं. १०५ मध्ये ६० टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीत १५ मिली पाणी घाला, नेमके ४० टक्के होतात. सातवीचं गणित आहे, त्यासाठी इंजिनिअरिंग लागत नाही. आणि ज्यांची नाकं या धंद्याचं भांडवल आहेत, ते ब्लेंडर वास घेताना नमुना साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. त्यांनाही पाप लागतं का?

करून बघा. पहिला घोट नीट घ्या. जीभ बधिर होते, गोडसर काहीतरी जळाल्यासारखं वाटतं, बस्स. मग चमच्याने थोडंथोडं पाणी घाला, दोन मिनिटं थांबा. मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल, दालचिनी एकेक करून पुढे येतात. शेरीच्या पिंपाचे जादा पैसे आपण याच्यासाठी मोजलेले असतात. नीट प्यायचा हट्ट धरला तर ते पैसे ठसक्यात जातात.

कुणाला नीटच आवडत असेल तर खुशाल प्यावी. भांडण चवीशी नाही. साठ टक्के सोसण्याला रसिकता म्हणण्याशी आहे, आणि त्या जोरावर दुसऱ्याच्या ग्लासात डोकावण्याशी. सोसायचंच असेल तर जिमला जावं.

परवा बाबांना हे सगळं गणितासकट ऐकवलं. "मला चव पाण्यातच लागते, एवढंच माहीत होतं," ते म्हणाले. मग मी माझा ग्लास पुढे केला आणि किती पाणी घालू ते त्यांना विचारलं.