नाव तेच, गाणी दुसरी

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर माझं आणि मामाचं भांडण झालं. विषय राजकारण नव्हता, आजोळच्या जमिनीचाही नव्हता. बीटल्सचा ‘रबर सोल’ हा अल्बम कोणत्या गाण्याने सुरू होतो, यावरून आम्ही अर्धा तास एकमेकांचं डोकं खाल्लं.

मामा १९७६ साली न्यू जर्सीला गेला. तिथे त्याने सुरुवातीला घेतलेल्या चार-पाच रेकॉर्ड्समध्ये ‘रबर सोल’ होती. “अगं, ‘आयव्ह जस्ट सीन अ फेस’ने सुरू होतो. तुझा जन्मही नव्हता तेव्हापासून ऐकतोय,” मामा म्हणाला. मी म्हणाले, “मामा, ते गाणं त्या अल्बममध्ये नाहीच. पहिलं गाणं ‘ड्राइव्ह माय कार’.” तो उठून आत गेला, रेकॉर्डचं कव्हर घेऊन आला आणि कॅमेऱ्यासमोर उलटं धरून दाखवलं. ‘ड्राइव्ह माय कार’चा त्यावर पत्ता नव्हता.

आम्ही दोघंही बरोबर होतो. म्हणजे आमच्यापैकी कुणीच चुकलेलं नव्हतं. जे करायचं ते रेकॉर्ड कंपनीने केलं होतं. माझा राग त्यावर आहे.

झालं ते असं. बीटल्सचे अल्बम ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीच्या पार्लोफोन लेबलवर निघत. अमेरिकेत ईएमआयच्याच मालकीची कॅपिटॉल रेकॉर्ड्स होती. सुरुवातीला कॅपिटॉलने बीटल्सना नाकारलं. मग लाट येतेय हे दिसल्यावर जानेवारी १९६४ मध्ये ‘मीट द बीटल्स!’ काढला आणि तिथून पुढे काही वर्षं ब्रिटनमधून येणाऱ्या अल्बमवर कात्री चालवली. ब्रिटिश अल्बममध्ये बहुधा चौदा गाणी असत. अमेरिकन आवृत्तीत अकरा किंवा बारा. उरलेली गाणी साठवायची, त्यांत सिंगल्स मिसळायची आणि आणखी एक अल्बम तयार करायचा. ‘रिव्हॉल्व्हर’पर्यंत ब्रिटनमध्ये बीटल्सचे सात अल्बम निघाले होते. मुलाखती वगैरे भरलेला एक माहितीपर अल्बम सोडला, तरी कॅपिटॉलने तेवढ्याच काळात दहा विकले.

याला ‘अमेरिकन श्रोत्यांची आवड’ असं गोंडस नाव दिलं जातं. आवडीचा भाग थोडा होताच. हिट सिंगल अल्बममध्ये असावं अशी अमेरिकन गिऱ्हाइकाची अपेक्षा असे. ब्रिटनमध्ये मात्र एकदा विकलेलं गाणं पुन्हा गळ्यात मारणं बरं मानत नसत. पण खरी मेख हिशोबात होती. अमेरिकेत गीतकार-संगीतकाराला द्यायचे पैसे दर गाण्यामागे मोजले जात. कायद्याने ठरलेला दर गाण्याला दोन सेंट होता. अकरा गाण्यांच्या रेकॉर्डला चौदा गाण्यांच्या रेकॉर्डपेक्षा कमी पैसे द्यावे लागत आणि विकायची मात्र त्याच किमतीला. ब्रिटनमध्ये हा मोबदला रेकॉर्डच्या किमतीच्या टक्केवारीत असे, त्यामुळे तिथे गाणी कमी करून फायदा नव्हता. म्हणजे मामाच्या रेकॉर्डचं पहिलं गाणं कोणतं, हे ठरण्यामागे संगीताइतकीच वजाबाकीही होती.

कॅपिटॉलमध्ये हे काम डेव्ह डेक्स्टर ज्युनियर या अधिकाऱ्याकडे होतं. तो नुसती गाणी काढून-घालून थांबला नाही. काही गाण्यांवर त्याने भरपूर घुमारा चढवला. जिथे हाती मोनो टेपच होती तिथे कंपनीने ‘ड्युओफोनिक’ नावाची युक्ती वापरली. एकच आवाज दोन्ही बाजूंना पाठवायचा, एका बाजूचे खर्जाचे स्वर छाटायचे, दुसऱ्या बाजूचे वरचे, मध्ये किंचित अंतर ठेवायचं आणि याला स्टीरिओ म्हणून विकायचं. मी इंजिनिअर आहे, मला युक्त्यांचं वावडं नाही. पण ही युक्ती नव्हे, भेसळ आहे. दुधात पाणी घालणाराही मापाने भरूनच देतो.

आता ‘रबर सोल’. डिसेंबर १९६५ मध्ये निघालेल्या ब्रिटिश अल्बममध्ये चौदा गाणी. कॅपिटॉलने त्यांतली चार काढली आणि आधीच्या ‘हेल्प!’च्या ब्रिटिश आवृत्तीतली दोन घातली. ती दोन शिल्लक होती, कारण अमेरिकन ‘हेल्प!’मध्ये केन थॉर्नचं चित्रपटाचं पार्श्वसंगीत घालून जागा भरली होती. ही दोन गाणी कॅपिटॉलने रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या सुरुवातीला बसवली. मैफल कोणत्या रागाने उघडायची हे गाणारा ठरवतो. इथे ते तिकीट विकणाऱ्याने ठरवलं.

याहून वाईट ‘रिव्हॉल्व्हर’चं झालं. १९६६ च्या जूनमध्ये कॅपिटॉलला ‘यस्टरडे अँड टुडे’ नावाचा जोडगोळा अल्बम काढायचा होता आणि गाणी कमी पडत होती. तेव्हा अजून बाहेरही न पडलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’मधून तीन गाणी उचलली गेली. तिन्ही जॉन लेननची. ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ आला तेव्हा ब्रिटनमध्ये त्यावर लेननने गायलेली पाच गाणी होती, अमेरिकेत दोन. जॉर्ज हॅरिसनची तीन दोन्हीकडे शाबूत. न्यूयॉर्कच्या एखाद्या पोराने ती रेकॉर्ड लावून ‘लेनन आता संपला वाटतं’ असा निष्कर्ष काढला असता, तर त्याला दोष कसा देणार? त्याच्या हातात पुरावाच खोटा दिला होता.

इथे मामा म्हणतो तो मुद्दा मी टाळणार नाही. तो म्हणतो, “पण माझा अल्बम तुझ्यापेक्षा चांगला आहे.” आणि याला उत्तर देणं अवघड आहे. अमेरिकन ‘रबर सोल’ ऐकायला एकजीव वाटतो. ‘ड्राइव्ह माय कार’चा ठसका गेल्यामुळे सगळा अल्बम अकूस्टिक, लोकगीतांच्या अंगाचा होतो. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने ‘रबर सोल’ ऐकून ‘पेट साउंड्स’ करायला घेतला. त्याने ऐकला तो हाच, कापलेला. ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ तर ब्रिटनमध्ये सहा गाण्यांची दोन छोट्या रेकॉर्ड्सची जोडी होती. कॅपिटॉलने सिंगल्स घालून त्याचा अल्बम केला आणि पुढे सगळ्या जगाने तोच प्रमाण मानला. म्हणजे कात्रीवाल्याचा हात कधीकधी नेमका पडतो, हे मान्य.

पण मूळ तेच पवित्र, असं मी म्हणतच नाहीये. माझं म्हणणं साधं आहे. बदला, पण नाव बदला आणि काय बदललं ते लिहा.

आमच्या कामात हा पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा नियम आहे. एखादी आवृत्ती क्रमांक देऊन बाहेर पाठवली की त्या क्रमांकाखालचा मजकूर गुपचूप बदलायचा नाही. बदलायचा असेल तर क्रमांक वाढवा आणि सोबत बदलांची नोंद जोडा. नाहीतर दोन माणसं एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टींवर तासन्‌तास वाद घालत बसतात. आम्ही दिवाळीला बसलो तशी. या कसोटीवर ‘मीट द बीटल्स!’ त्यातल्या त्यात प्रामाणिक ठरतो, कारण त्याचं नाव तरी वेगळं होतं. ‘रबर सोल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ हे खरे गुन्हे. कव्हरच्या मागे गाण्यांची यादी होती, पण ही कलाकारांनी ठरवलेली यादी नव्हे, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

हे फक्त बीटल्सचं नाही. द क्लॅश या लंडनच्या बँडचा पहिला अल्बम १९७७ मध्ये आला. त्यांच्या अमेरिकन कंपनीला तो फार ओबडधोबड वाटला म्हणून तिने तो काढलाच नाही. लोक आयात केलेल्या प्रती घेत राहिले. शेवटी १९७९ मध्ये कंपनीने तो काही गाणी काढून, काही नवी घालून, त्याच नावाने विकला. घातलेल्या गाण्यांत ‘कम्प्लीट कंट्रोल’ होतं. ते गाणं कशाबद्दल आहे? कंपनीने बँडला न विचारता त्यांचं गाणं सिंगल म्हणून काढल्याच्या संतापाबद्दल. तक्रारअर्जच फोडणीला घातला!

‘बाजारपेठ वेगळी म्हणून करावंच लागतं’ असं म्हणणाऱ्यांनी जपानकडे बघावं. तिथे सीडीच्या किमती ठरलेल्या असतात आणि परदेशातून आलेली प्रत अनेकदा स्वस्त पडते. मग स्थानिक प्रत कुणी का घ्यावी? म्हणून जपानी कंपन्या शेवटी एखादं जादा गाणं घालतात, शब्दांचा अनुवाद देतात, टिपण देतात आणि वर गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर जादा गाण्याची जाहिरात करतात. मूळ अल्बम पुढे अखंड राहतो, भर मागे पडते, आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. यातही पैशाचाच विचार आहे, पण फसवणूक नाही.

आज सगळं जगभर एकाच शुक्रवारी येतं, मग हा विषय शिळा झाला का? माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये कितीतरी परदेशी अल्बममधलं एखादं गाणं करडं दिसतं, वाजत नाही. करार माझ्या देशापुरता झालेला नसतो. निदान ती करडी ओळ सांगते तरी की इथे काहीतरी होतं. राग येतो तो ती ओळसुद्धा लपवली जाते तेव्हा. मग अकरा गाण्यांचा अल्बम दहाचा होऊन समोर येतो आणि ऐकणारी त्यालाच पूर्ण समजते. मामाने तरी रेकॉर्ड विकत घेतली होती; त्याचं कव्हर आजही पुरावा म्हणून कॅमेऱ्यासमोर धरता येतं. मी काय धरणार?

१९८७ मध्ये बीटल्सच्या सीडी निघाल्या तेव्हा सगळीकडे ब्रिटिश याद्या प्रमाण ठरल्या. मामाचा ‘रबर सोल’ नव्या दुकानांतून नाहीसा झाला. वीस-बावीस वर्षं एका देशाने जे खरं मानून ऐकलं, ते एका फटक्यात ‘चुकीचं’ ठरलं. पुढे २००६ मध्ये तो ‘कॅपिटॉल अल्बम्स’ या नावाच्या संचात परत मिळाला. वेगळ्या नावाने, काय आहे ते सांगून. बघा, जमतं की नाही? फक्त चाळीस वर्षं लागली.

मामाच्या स्टीरिओ रेकॉर्डवर ‘आयम लुकिंग थ्रू यू’च्या सुरुवातीला गिटार दोनदा चुकीची सुरू होऊन थांबते. कापायला हवा होता तो भाग अमेरिकेत तसाच राहिला. तो म्हणतो, त्या दोन अडखळण्यांशिवाय त्याला ते गाणं अर्धवट वाटतं. त्या जागी माझ्या प्रतीत काहीच नाही. यंदाच्या दिवाळीत आम्ही दोन्ही अल्बम पाठोपाठ लावणार आहोत, आधी त्याचा. पण त्याच्या कव्हरवर एक चिठ्ठी चिकटवायची असं ठरलंय, साठ वर्षांपूर्वी कंपनीने चिकटवायला हवी होती ती: ‘मूळ अल्बम यापेक्षा वेगळा आहे.’ अक्षर मामाचं असणार आहे. ही अट त्याचीच.