अंथरूण, फ्यूज आणि कत्तलु

रात्री साडेअकराला सुरतेहून अक्काचा फोन आला. घाबरली की अक्का आईच्या भाषेत शिरते. "तम्मा, ओम्मेले कत्तलातु!" स्पीकर चालू होता. आमच्याकडे मुक्कामाला आलेले नागपूरचे स्नेही अंथरुणात ताडकन उठून बसले. सुरतेत कुणाची तरी कत्तल झाली, एवढंच त्यांना कळलं. वाचकहो, कत्तलु म्हणजे अंधार, हे तुम्हाला सांगायला नको.

पण तो अंधार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भाचा अक्काला मागे बसवून लग्नाहून घरी निघाला होता. उधन्यातल्या एका पुलावर मोटारसायकलचा हेडलाइट, इंडिकेटर आणि इंजिन एकदम बंद. मागून ट्रक येत होता. पोरानं गाडी कशीबशी कठड्याला लावली. हँडलखालून धूर येत होता. दोघांना खरचटलंही नाही. मला मात्र झोप लागेना, कारण त्या गाडीवरचे दोन फॉग लाइट, डबल हॉर्न आणि मोबाइल चार्जर यांचे पैसे भाच्याच्या वाढदिवसाला मीच पाठवले होते.

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला गेलो. लिंबायत-उधना-डिंडोली भागात आपण परमुलखात आहोत असं वाटतच नाही. गल्लीत खानदेशी मराठी, दुकानात गुजराती, आणि अक्काच्या स्वयंपाकघरात मी गेलो की कन्नड. पण दिवाळीनंतर तिथला बाजार लाभपाचमेपर्यंत उघडत नाही. गाडी तशीच झाकून ठेवलेली. पंचमीला ती ढकलत एका वयस्क कारीगराकडे नेली.

त्याच्याकडे एक मीटर होता आणि इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून घरी केलेला टेस्ट लॅम्प. भाचा बॅटरी, कॉइल, कंपनी असं काहीबाही सांगू लागला. कारीगरानं त्याला थांबवलं. "पहले जहाँ हाथ लगा है, वहाँ देखो." कारखान्यातून आलेलं वायरिंग सहसा आपणहून बिघडत नाही. नंतर कुणी कापलं, सोललं, पिळून जोडलं, तिथं पहिली शंका.

दिवा काढल्यावर सगळं दिसलं. फॉग लाइटची वायर इग्निशन स्विचच्या वायरला सोलून नुसती पिळली होती, वर चिकटपट्टी. ती हँडलच्या मानेजवळून नेलेली. हँडल वळलं की तिथं वायर घासते. घासून घासून आवरण गेलं, तांबं चासीला टेकलं. आता अशा वेळी फ्यूज उडायला हवा. पूर्वी तो दोनदा उडालाही होता. ॲक्सेसरीवाल्यानं १० अँपिअरचा काढून ३०चा घातला, आणि "आता उडणार नाही" म्हणाला. खरंच नाही उडाला. त्याच्याऐवजी इग्निशनची वायर वितळली. फ्यूज दुबळा असतो तो मुद्दाम. त्याला बलवान केलं की जळायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतं.

मग हिशेब झाला. मी मराठी शिकवणारा माणूस, पण वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर एवढं शाळेतलं आठवतं. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० भागिले १२, सव्वातीन अँपिअर. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू असतो, साध्या ३५ वॉटच्या बल्बला जवळजवळ तीन अँपिअर तिथंच जातात. लहान गाडीची कॉइल वीज निर्माण करते ती मोजकीच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो आपण, आई म्हणायची, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." दोन्ही भाषांत शहाणपण एकच आहे आणि आमच्या घरात ते दोन्ही भाषांत वाया गेलं.

बॅटरी वर्षात दोनदा बदलली होती, त्याचंही उत्तर निघालं. चार्जर थेट बॅटरीला जोडलेला, किल्ली काढली तरी चालूच. मीटरवर ५० मिलिअँपिअर दिसले. क्षुल्लक वाटतात, पण दिवसाचे १.२ अँपिअर-अवर होतात. ४ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत संपली. घरी मीटर असेल तर आणखी एक बघून ठेवा. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६च्या आसपास, थोडं रेस केल्यावर १४च्या आसपास व्होल्ट हवेत. रेस करूनही १३च्या खाली राहिले तर नवी बॅटरी घेऊ नका, दोष चार्जिंगचा आहे. १५च्या वर गेले तर रेग्युलेटर.

कारीगर २००६च्या ऑगस्टविषयी बोलला. उकाईचं पाणी सोडलं, तापी शहरात शिरली, अडाजण-रांदेरकडच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन सुरू झालेल्या गाड्या काही महिन्यांनी एकेक करून त्याच्याकडे आल्या. कपलर उघडला की आत हिरवं तांबं. आपल्याकडच्या पुरांनंतरही हेच होतं, म्हणून कपलर उघडून वाळवल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

त्यानं दिवे परत लावले, पण रिले घालून. रिले म्हणजे आमच्या ऑफिसातला शिपाई. साहेब फक्त घंटी दाबतो, गठ्ठे शिपाई उचलतो. स्विचचा थोडासा प्रवाह ८५ आणि ८६ या पिनांमधून जातो. बॅटरीपासूनचा जड प्रवाह वेगळ्या फ्यूजमधून ३०वर येतो आणि ८७वरून दिव्याकडे जातो. चार्जर किल्लीवर घेतला. एक फॉग लाइट काढूनच टाकला. सुरावटीचा हॉर्नही काढला. अनेक सुरांचा हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाही, हे पैसे पाठवताना मला कुठं ठाऊक होतं?

दिव्यांची हौस वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या मागे एकदा रात्री गाडी चालवून बघा.

गावी परतल्यावर माझ्या गाडीचं साइड कव्हर उघडलं. फ्यूज १०चाच होता. हॉर्नच्या वायरीला मात्र पिळून मारलेला जोड, वर चिकटपट्टी. ती मीच गुंडाळली होती.